समुद्राकडे पाठ

सुक्या जवळ्याचा वास आला की माझ्यासमोर आजही चिकूची एक पेटी उघडते. सेवेतून निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला. खुनाची, दरोड्याची, महामार्गावरच्या लुटीची प्रकरणे मी हाताळली. त्यांतली कित्येक आता पुसट झाली आहेत. हे मात्र पुसट होत नाही, कारण ते मला कागदांतून कळले नाही, नाकाने कळले. यात मी कोणाचेही नाव घेणार नाही. ज्यांना शिक्षा व्हायची ती झाली, आणि जिला माफी मिळाली तिला पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचा मला अधिकार नाही.

त्या काळात माझी नेमणूक तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत होती. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि आवारातल्या ओल्या धुळीवर झाडूच्या रेघा अजून ताज्या होत्या. तेवढ्यात उधव्याच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारा एक चालक फाटकाशी येऊन घुटमळू लागला. तो आमचा खबरी नव्हता. खबरी सरळ आत येतो आणि आधी चहा मागतो. हा चप्पल बाहेर काढून उभा होता.

"मॅडम, हसणार नसाल तर एक सांगतो."

"सांग."

"माझ्या गाडीत एक पॅसेंजर येतो. डहाणूकडच्या पहिल्या एसटीने उतरतो आणि उधव्याला जातो. हातात चिकूची पेटी."

"डहाणूहून चिकूच येणार. त्यात काय?"

"ती पेटी टपावर टाकू देत नाय. मांडीवर घेतो, वरून शाल घालतो. मागच्या खेपेला मला म्हणतो, काच लाव, वारा लागतो. मी विचारलं, तुम्हाला? तर म्हणतो, पेटीला." त्याने मान हलवली. "मॅडम, माझ्या सासऱ्याला भर थंडीत कोणी शाल देत नाय, आणि चिकूला शाल?"

ठाणे अंमलदार खो-खो हसला. मला हसू आले नाही. चोरीचा माल नेणारा माणूस मालाकडे शक्यतो पाहत नाही. तो आपला नाहीच असे दाखवतो. वाऱ्याची काळजी माणूस फक्त जिवंत गोष्टीसाठी करतो. क्षणभर मनात भलतीच शंका आली. पेटीत एखादे तान्हे मूल तर नसेल?

"पुन्हा कधी येईल?"

"उद्या येतो म्हणालाय. पुढची सीट धरून ठेव, बोलला."

स्टेशन डायरीला नोंद घेतली, वरिष्ठांना कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंचांसह उधव्याच्या अलीकडे रस्त्यावर नाकाबंदी लावली. जीप आली तेव्हा गवतावर दव होते आणि सगळ्या प्रवाशांच्या तोंडातून वाफ निघत होती. पुढच्या सीटवर चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, अतिशय शांत चेहऱ्याचा एक माणूस बसला होता. मांडीवर पेटी, पेटीवर करड्या रंगाची शाल. खाली उतरताना त्याने पेटी एका हाताने धरली आणि दुसरा तळवा खालून लावला. देवघरातले भरलेले ताम्हण असेच धरतात.

पंचांसमोर पेटी उघडली. वर चिकूंचा एक थर होता. त्याखाली भोके पाडलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याखाली वाळूत, कागदाच्या बोळ्यांत बसवलेली कासवाची पिल्ले. लिंबाएवढी. काळसर कवचावर मधल्या बिंदूपासून चहूकडे फुटलेल्या पिवळ्या रेषा. एकेका पाठीवर जणू लहान लहान सूर्य उगवले होते. तारा कासवे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेला प्राणी. पकडणे, विकणे तर सोडाच, घरात हौसेने पाळणे हाही गंभीर गुन्हा. काही पिल्ले मान काढून सकाळच्या उन्हाकडे पाहत होती. काहींचे डोळे सुजून मिटले होते.

रस्त्यावर गर्दी जमली. आम्ही हटवत होतो तरी कोणीतरी मोबाइल उंच धरून चित्रण केलेच. त्या वेळी मला राग आला. दुपारपर्यंत त्याच चित्रणाने मला एक वाट दाखवली आणि एक संकटही उभे केले.

ठाण्यात आल्यावर पहिली अडचण नोंदीची आली. जप्त वस्तूचे वर्णन लिहिताना अंमलदाराने पेन थांबवले.

"मॅडम, मोबाइल किंवा गाडी असली की आपण 'चालू स्थितीत' लिहितो. इथे काय लिहू? अर्धे चालतायत, अर्धे झोपलेत."

"जिवंत लिही. आणि जिवंतच राहतील असं बघ."

वन विभागाला कळवले होते. त्यांची गाडी यायला वेळ होता, पण वनक्षेत्रपालांनी तालुक्यातल्या पशुवैद्यकांना पुढे पाठवले. निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी एकेक पिल्लू हातात घेऊन पाठीवरून अंगठा फिरवला.

"हा काय म्हणतोय?" त्यांनी कोठडीकडे पाहत विचारले.

"म्हणतो, एका अनोळखी माणसाने दिली. कालच जंगलातून धरलेली. हा फक्त पोचवणारा."

"जंगलातून कालच? शक्य नाही." त्यांनी एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवले. "पाठ बघा. तारा कासव मोठं झालं की पाठ थोडी उंचसखल होते, पण या वयात ती सुपारीसारखी गुळगुळीत हवी. इथे आताच टेंगळं आली आहेत. हे कुठल्यातरी घरात वाढलंय, आणि चुकीचं खाऊन वाढलंय. मॅडम, तुमचा मुद्देमाल आजारी आहे."

पिल्लाचे वजन तळहाताला जेमतेम कळत होते. त्याच्या पायांची नखे माझ्या त्वचेवर हळू ओरखडत होती. सुक्या पानाचा देठ हातावर फिरावा तसा स्पर्श. मी ते नाकाजवळ नेले. जंगलातल्या जिवाला मातीचा, पाल्याचा वास हवा. हे पिल्लू खारट वास देत होते. उन्हात वाळलेल्या मासळीचा वास.

"पेटीचा असेल," डॉक्टर म्हणाले. "मासळीची पेटी वापरली असेल कोणी."

"पेटीला चिकूचा वास आहे. हुंगून बघा."

त्यांनी हुंगले, आणि ताट मागवले. ताटात कोमट पाणी घेतले, पिल्लांच्या हनुवटीच्या खालीच राहील एवढे, आणि पिल्ले त्यात ठेवली. कोरड्या पडलेल्या पिल्लांना आधी पाणी द्यायचे असते, ते म्हणाले. ती पाणी पितात आणि पोटही मोकळे करतात. थोड्या वेळाने तसेच झाले. पाण्यात पडलेली विष्ठा विरघळू लागली, आणि तिच्यातून गुलाबीसर पापुद्रे सुटून वर आले. पापुद्र्यांमध्ये मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके तरंगत होते. डॉक्टर भिंग शोधू लागले. माझ्याबरोबर एक महिला पोलीस शिपाई होती, किनाऱ्यावरच्या गावातली सून. तिला भिंग लागले नाही.

"मॅडम, हे जवळ्याचे डोळे."

जवळा म्हणजे करंगळीच्या नखाएवढी कोलंबी. किनाऱ्यावर पोत्यांनी सुकते. ती शिजवली, कुटली, तरी तिचे डोळे काळे ठिपके होऊन उरतात, हे चटणी खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तारा कासव शुद्ध शाकाहारी. गवत, पाला, जास्वंदीचं फूल, निवडुंगाचं पान. त्याला सुकी कोलंबी म्हणजे विष. मांस जास्त झालं की कवच असं वेडंवाकडं वर येतं, आणि मीठ आतून मूत्रपिंड कुरतडतं. जिथे ही वाढली तिथे आणखी पिल्लं असतील, तर त्यांचे हाल याहून वाईट असणार. जो हे सगळं करतोय तो नेताना सुदृढ आधी उचलणार ना? आजारी मागे ठेवली असतील."

त्या वाक्यानंतर माझ्यासाठी तपासाचा अर्थ बदलला. पेटी सापडली, आरोपी सापडला, गुन्हा दाखल झाला. कागदावर आमचे काम चांगले झाले होते. पण कुठेतरी एका घरात काही जीव मिठाने सुकत होते, आणि त्या घराचा पत्ता कोठडीतल्या एका शांत माणसाच्या तोंडात होता. तो काढल्याशिवाय मी उठणार नव्हते.

त्याच्या मोबाइलच्या कॉलचा तपशील मागवला होता, पण तो मिळायला वेळ लागतो. चौकशीत तो पढवल्यासारखी उत्तरे देत होता.

"मॅडम, मी गरीब पोचवणारा. पेटीत काय ते मला माहीत नाही."

"मग शाल कशाला?"

"मलाच थंडी वाजत होती."

दरडावून काही होणार नव्हते. ओरडण्याची त्याने तयारी केलेली होती. माणूस ज्या हल्ल्याची तयारी करून येतो तो हल्ला करायचा नाही, एवढे मी नोकरीत शिकले होते. मी सर्वांत खडबडीत पाठीचे एक पिल्लू रुमालावर घेऊन आले, टेबलावर ठेवले आणि त्याच्याकडे न पाहता नुसते निरखत बसले. मासळी घेणारी बाई पापलेट परत पाटीत टाकण्याआधी जसे निरखते, तसे.

"काय ही पाठ," मी म्हणाले. "भाजलेल्या वांग्यासारखी. हे कोण घेणार? तुला माल बघायची अक्कल नाही, हे नक्की."

त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला.

"तुझ्यापेक्षा कोंबड्या विकणारा बरा. तो निदान पीस बघून घेतो."

"मी सांगितलं होतं तिला!" तो उसळला. "पाला घाल, पाला घाल, सतरांदा सांगितलं. ऐकेल तर शपथ! म्हणे पाल्याने अंगात ताकद येत नाय..."

तो थांबला. उशीर झाला होता.

"कोण ती?" मी विचारले.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. माझ्याकडे एक 'ती' होती, आणि चिमूटभर जवळा. डहाणूच्या किनाऱ्यावर जवळा न सुकवणारे घर शोधणे सोपे. सुकवणारे कसे शोधायचे?

उत्तर त्या महिला शिपायाच्या मोबाइलवर आले. ती जेवायला बसली होती. डबा तसाच टाकून, उष्ट्या हाताने मोबाइल धरून माझ्या दालनात आली.

"मॅडम, माझ्या नणंदेने आवाज पाठवलाय. ऐका."

उधव्याचे चित्रण किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. नणंदेचा आवाज मागच्या कोंबड्यांच्या कलकलाटातून आला: "वहिनी, अगं तुमच्या पोलिसांनी धरला तो बघितलास? हा तर जवळावाला! कोंबड्यांच्या खाद्याला सुका जवळा नेतो ना, तोच! वरोरच्या बाजूला, शेवटच्या अंगणात ती एकटी राहते बघ, तिच्याकडे बसलेला असतो. आम्ही काय काय धरलं होतं दोघांचं! आणि हा बाबा कासवं विकतो? श्शी, सगळी मजाच गेली."

मी गाडी काढायला सांगितली. मजा गेली होती आणि वेळही जात होता. नणंदेने पाहिले ते चित्रण शेवटच्या अंगणातल्या बाईनेही पाहिले असणार. घाबरलेला माणूस पुरावा जाळतो, पुरतो किंवा पाण्यात टाकतो.

हद्द ओलांडताना तिथल्या ठाण्याला कळवावे लागते. ते फोनवर केले. त्यांचे पथक तिथे येऊन मिळणार होते, डॉक्टर आमच्याच गाडीत बसले. चिकूच्या वाड्या मागे पडल्या, हवेतला गोडसर दमटपणा सरला, आणि चिंचणीच्या अलीकडेच खारा वारा खिडकीतून आत आला. थोड्याच वेळात तोच वास सगळीकडून अंगावर आला. सकाळी तळहातावर हुंगला होता तोच.

शेवटचे अंगण शोधावे लागले नाही. बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगलेले होते, खाली जमिनीवर जवळ्याची गुलाबी चादर पसरली होती, आणि कावळे बिनदिक्कत त्यावर उतरून खात होते. हाकलायला कोणी नव्हते. एवढ्या उघड्या मासळीवर जाळे नव्हते. जाळे होते ते कोपऱ्यात, एका मोडक्या होडीच्या अर्ध्या सांगाड्यावर. तेही एका बाजूने उचललेले.

मी वाकून आत पाहिले. होडीच्या पोटात वाळू पसरली होती. एका वाटीत पाणी, एका वाटीत जवळ्याची भुकटी. वाळूत बारीक पायांच्या असंख्य ओळी उमटल्या होत्या, एकमेकींना छेदत, भिंतीपाशी जाऊन परत फिरलेल्या. विटांच्या आडोशाला गोणपाटाचे अंथरूण होते. त्यात हात घातला तर ऊब होती. जीव होते, आणि नुकतेच उचलून नेले होते.

शेजारची बाई पदराला हात पुसत आली.

"तिला शोधता? ती दर्यावर गेली. हळदकुंकू घेतलं, घमेलं घेतलं, डोळ्यांना पदर लावला आणि गेली. मी विचारलं, काय झालं गो? तर म्हणे, देवाचं देवाला देते."

महिला शिपायाचा चेहरा उतरला. "मॅडम, ती सोडायला गेली. आमच्याकडे जाळ्यात कासव आलं की त्याला हळदकुंकू लावून, नारळ देऊन परत समुद्रात सोडतात. ठेवलं तर पाप लागतं."

"ती समुद्रातली कासवं," डॉक्टर म्हणाले. "ही पोहू शकत नाहीत. पाण्यात सोडली तर दगडासारखी तळाला जातील."

मी आयुष्यात पुष्कळ आरोपींच्या मागे धावले आहे. त्या दुपारी प्रथमच भक्तीच्या मागे धावत होते. खुनशी माणसाला थांबवणे मला ठाऊक होते. पापक्षालन करायला निघालेल्या बाईला कसे थांबवायचे, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते.

सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो तेव्हा समोर ओहोटी होती. समुद्र खूप आत गेलेला, आणि मध्ये नजर पोहोचेपर्यंत ओली, चकाकती वाळू. त्या चकाकीत एक बारीक आकृती डोक्यावर घमेले घेऊन चालली होती. भरती असती तर सगळे केव्हाच संपले असते. ओहोटीने तिची वाट लांबवली होती. मी बूट काढले आणि पळत सुटले. वाळूतल्या नागमोडी वळ्या तळव्यांना टोचत होत्या, शिंपल्यांनी पाय कापत होते. मागून डॉक्टरांचा धापा टाकणारा आवाज येत होता: "हाक मारा! पण घाबरवू नका!"

"मावशी!" मी ओरडले. वाऱ्याने आवाज परत माझ्याच तोंडावर फेकला. ती थांबली नाही.

ती गुडघाभर पाण्यात शिरली तेव्हा मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तिने घमेले डोक्यावरून उतरवून कमरेला लावले. माझा गणवेश तिने पाहिला आणि पदराने घमेले झाकले.

"बाय, पुढे येऊ नको. माझं काय व्हायचं ते होईल. मला धर, तुरुंगात टाक. पण हे देवाचे जीव हायत, ह्यांना मी पोलिसात नाय देणार."

"मी घ्यायला नाही आले, मावशी. वाचवायला आले. ही बुडतील."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे शहरातून आलेल्या खुळ्या माणसाकडे पाहतात. "कासव बुडतं कधी? माझा जन्म दर्यात गेला. नवऱ्याच्या जाळ्यात आलेली एवढाली कासवं मी ह्या हाताने सोडलीयत."

तिच्याशी कायदा बोलण्यात अर्थ नव्हता. विज्ञान बोलण्यातही नव्हता. मी पाण्यात दोन पावले पुढे गेले आणि हात पसरला.

"एक माझ्या हातावर दे. फक्त एक. नाही पटलं तर तूच सोड."

लाटा तिच्या लुगड्याला ओढत होत्या. मग तिने पदराखालून एक पिल्लू काढले. त्याच्या काळ्यापिवळ्या पाठीवर हळदीचे बोट आणि कुंकवाचा ठिपका होता. मी त्याला उताणे न करता वर धरले, म्हणजे त्याचे पाय खाली लोंबले.

"तू सोडलेल्या कासवांना पाय कसले होते?"

"पाय कुठले? वल्ही असतात."

"मग ह्याची वल्ही कुठे आहेत, मावशी? बघ. नखं आहेत. टाच आहे. हे पाय चालायचे आहेत. वल्ह्याशिवाय होडी दर्यात कशी लोटतेस?"

तिने एक बोट पुढे करून पिल्लाचा पाय उचलून पाहिला. इतके दिवस रोज भरवताना तिने पाठीवरचे सूर्य पाहिले होते, मिटलेले डोळे पाहिले होते. पाय बहुधा आताच पाहत होती.

"खाली ठेव," ती हळूच म्हणाली. "तिथे. पाण्याच्या कडेला."

मी मागे आले आणि जिथे लाटेचा शेवटचा पातळ पदर येऊन विरत होता, तिथे पिल्लू समुद्राकडे तोंड करून ठेवले. तीही घमेले कवटाळून बाहेर आली. पुढच्या लाटेचा फेस आला आणि पिल्लाच्या नाकाला लागला. त्याने मान आत ओढली. फेस सरला तशी मान पुन्हा बाहेर आली. मग ते पिल्लू एका जागी वळू लागले. एकेक पाय उचलत, ओल्या वाळूत रुतत, अख्खे वळले. समुद्राकडे पाठ करून ते सुरूच्या झाडांच्या दिशेने चालू लागले.

बाई वाळूत बसली. घमेले तिच्या मांडीवर होते आणि आतली पिल्ले एकमेकांवर चढत होती.

"त्याने आणून दिली तेव्हा म्हणाला, लक्ष्मी हाय, घरात वाढव. कोंबडीची पिल्लं जवळ्याने कशी धरतात अंग, तोच सांगायचा. मला वाटलं, ह्यांनापण धरेल. त्याने पाला घाल म्हटलं, मला वाटलं कंजूषपणा करतो. वेचून वेचून चांगला जवळा घातला गो मी." ती माझ्याकडे नाही, पिल्लांकडे बघत बोलत होती. "खारं घातलं मी ह्यांना. आणि वर दर्यात बुडवायला आणलं."

डॉक्टर धापा टाकत खाली बसले आणि तिच्या घमेल्यातली पिल्ले एकेक करून तपासू लागले. "अजून धरून आहेत," ते मला म्हणाले. "बहुतेक."

पंचनामा तिथेच केला, वाळूत, वाऱ्याने उडणारे कागद गुडघ्याखाली दाबून. स्थानिक पथकातल्या एका अधिकाऱ्याने सुचवले की 'पुरावा नष्ट करण्याच्या प्रयत्नात असताना' असे लिहावे. त्याने गुन्ह्याला वजन येते. मी नकार दिला. पिल्लांच्या पाठीवरची हळद आणि कुंकू पंचांना दाखवले आणि तसेच लिहायला लावले: प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर हळदकुंकू लावलेले आढळले. जे होते तेच. बेकायदा ताबा हा गुन्हा तिने केला होता, आणि तोही लिहिला. पोलिसाने दया कागदात घालायची नसते. पण खरेपण कापूनही टाकायचे नसते. त्या एका ओळीने पुढे जे केले ते माझ्या कोणत्याही शिफारशीने झाले नसते.

तिने काहीही न लपवता जबाब दिला. तो माणूस पिल्ले कोणत्या वाटेने आणत असे, वाढलेली कोणाकडे जात, सीमेपलीकडे कोण उतरून घेत असे, हे तिने जवळ्याच्या पोत्यांच्या आसपास जे ऐकले होते त्यातून सांगितले. साखळीतले आणखी दुवे हाती आले. पंचनाम्यातली हळदकुंकवाची ती ओळ पाहून न्यायालयाने तिला माफीचा साक्षीदार होऊ दिले. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी तिला विचारले, "बाई, अंधाऱ्या अंगणात आरोपीचा चेहरा तुम्ही नीट पाहिलात कशावरून?" ती म्हणाली, "साहेब, तो आला की आधी पिल्लांची पाठ बघायचा आणि मला शिव्या घालायचा. शिव्या देणाऱ्याचं तोंड कोण विसरतं?" न्यायाधीशांनीही मान खाली घालून हसू लपवले.

पिल्लांचे काय झाले, हे मला नेहमी विचारतात. ती सगळी वाचली, असे सांगायला मला आवडले असते. काही पहिल्या आठवड्यातच गेली. मिठाने आतले आधीच संपवले होते. उरलेली वन विभागाच्या देखरेखीखाली उपचार केंद्रात राहिली. कोरडी ऊबदार वाळू, सकाळचे कोवळे ऊन, कोमट पाण्याची अंघोळ, हरळी, जास्वंद, निवडुंग. कवच घट्ट होण्यासाठी कॅल्शियम लागते, आणि ते माकुळ या समुद्रजीवाच्या हाडातून मिळते. ओहोटीच्या रेषेवर पांढऱ्या, हलक्या होडीसारखे जे पडलेले असते, तेच. डॉक्टरांनी ही गोष्ट सहज तिच्यासमोर बोलून दाखवली. तेव्हापासून ती रोज किनाऱ्यावरून ती हाडे वेचायची, विहिरीच्या पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन त्यांतले मीठ काढायची, मांडवावर बोंबलांपासून लांब वाळवायची आणि केंद्राकडे पाठवायची. पाठीवर आलेली टेंगळे गेली नाहीत. ती जात नाहीत. पण त्यांच्याभोवती नवे कवच आले ते गुळगुळीत आले. सशक्त झाल्यावर न्यायालयाच्या आदेशाने त्यांना समुद्रापासून दूर, कोरड्या माळरानात सोडण्यात आले.

मी निवृत्त झाल्यावर ओळखीची माणसे कधीकधी दबक्या आवाजात विचारतात, "घरात शुभ असतं म्हणतात, एखादं लहान तारा कासव नीट वाढवता येतं का हो?" मी सरळ सांगते, तो गुन्हा आहे, आणि कोणी आणून देत असेल तर त्याचे नाव मला सांगा. ऐकणारा जरा हिरमुसला, तर त्या होडीतल्या वाळूबद्दल सांगते. भिंतीपर्यंत जाऊन परत फिरलेल्या त्या पावलांबद्दल. तिच्याइतक्या मायेने त्यांना कोणी वाढवले नसेल, आणि ती मायाच त्यांना मारत होती. त्या दिवसानंतर कोणाचा जबाब घेताना मी आधी त्या माणसाची जमीन ओळखायचा प्रयत्न करू लागले: तो कशावर वाढला, काय खाऊन वाढला, कशाला देव म्हणतो. त्याशिवाय त्याच्या गुन्ह्याचा अर्थ लागत नाही, आणि त्याला कोणत्या शब्दांनी थांबवता येईल तेही कळत नाही.

निकालाच्या दिवशी ती न्यायालयाच्या पायरीवर बसली होती. मी बाहेर आले तशी उठली.

"बाय, तू माळावर गेलेलीस ना, ती सोडली तेव्हा?"

"गेले होते."

"कशी गेली?"

"वळून बघितलं नाही एकानेही. गवतात शिरली आणि गेली."

तिने पदराने तोंड पुसले. मला वाटले रडते आहे. पण हसत होती.

"त्या दिवशीपण तसंच केलेलं," ती म्हणाली. "त्या पोराला माहीत होतं कुठे जायचं. मीच एवढी म्हातारी, डोक्यावर घेऊन उलटी चाललेली."